आउटबोर्ड शर्यत-मोटर : सुट्या भागांचे मूळ पृष्ठसंस्करण

होडीच्या मागल्या फळीला बाहेरून अडकवायच्या शर्यतीच्या मोटरींचे सुटे भाग कारखान्यातून बाहेर पडताना त्यांवर जो रंग, मुलामा किंवा घासकाम असे, त्यास मूळ पृष्ठसंस्करण म्हणतात. काहीच प्रक्रिया न करता सोडलेला ओतकामाचा पृष्ठभागही यातच मोडतो. विषय मुख्यतः अमेरिकेतील १९२० ते १९६० या काळातील यंत्रांचा आहे. जुन्या मोटरी पूर्ववत करणारे संग्राहक आणि प्रदर्शनांचे परीक्षक यांच्या दृष्टीने तो कळीचा ठरतो.

ओले एव्हिन्रूड यांची १९०९ ची मोटर लोखंड, पोलाद व पितळ यांची असून सुमारे ६२ पौंड वजनाची होती. जॉन्सन बंधूंच्या लाइट ट्विनने (१९२२ च्या सुमारास) ॲल्युमिनियमचा सढळ वापर करून ते जवळपास ३५ पौंडांवर आणले. पुढे सुमारे १४, २० व ३० घन इंच धारकतेच्या वर्गांसाठी जॉन्सनच्या केआर, एसआर व पीआर या मोटरी आल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर आपोआप बनत असल्याने गोड्या पाण्यातल्या शर्यतींसाठी रंगाची निकड नव्हती.

या ॲल्युमिनियमच्या चकाकीवरूनच मुख्य वाद आहे. शर्यतीची मोटर कारखान्यातून पूर्ण चकचकीत होऊन येई, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार इंधनाची टाकी, फ्लायव्हीलची (वेग एकसारखा राखणाऱ्या जड चाकाची) कड असे नजरेत भरणारे भागच घासले जात. बाकीचे ओतकाम फक्त साफ करून सोडले जाई. पहिल्या मताचा भर जुन्या सूचिपत्रांतील छायाचित्रांवर आहे. मात्र त्या काळी छपाईपूर्वी छायाचित्रांवर हात फिरवण्याची सर्रास पद्धत होती, त्यामुळे त्यांवर विसंबणे कठीण. प्रत्यक्ष नमुना अधिक बोलका असतो. वाळूच्या साच्यातल्या ओतकामाची त्वचा बारीक रवाळ असते आणि साच्याच्या जोडरेषेवर कानशीचे ओरखडे दिसतात. उठावाच्या अक्षरांच्या कडा धारदार असतील आणि अक्षरांच्या मधल्या खळग्यांत तीच रवाळ त्वचा टिकलेली असेल, तर तो भाग बफाखाली (चकाकी आणणाऱ्या फिरत्या कापडी चाकाखाली) फारसा गेलेला नाही. कडा गोलावलेल्या आणि खळगे मंद करडे असतील, तर घासकाम झाले हे नक्की. ते कारखान्यात की मालकाच्या कार्यशाळेत, हे एवढ्यावरून ठरत नाही. काचमण्यांचा मारा करून आणलेला एकसारखा रेशमी पोत मात्र दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या भागावर दिसला, तर तो नंतरचा समजावा. एकंदरीत दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मुलाम्यावरून कालनिर्णय करताना फक्त एकाच बाजूची मर्यादा मिळते. म्हणजे भाग अमुक काळापूर्वीचा नाही, एवढेच म्हणता येते. निकेल सर्वांत जुने, किंचित पिवळसर झाक असलेले. निळसर झाकेचे क्रोमियम व्यापारी प्रमाणावर १९२० च्या दशकाच्या मध्यास आले. कॅडमियमही पहिल्या महायुद्धानंतरचेच. बोल्ट, नट व स्प्रिंगांवर त्याचा मंद रुपेरी थर खाऱ्या पाण्यात चांगला टिके. क्रोमियमखाली बहुधा निकेलचा थर असतोच, म्हणून झिजलेल्या जागी निकेल दिसले याचा अर्थ क्रोमियम नंतर चढवले, असा काढता येत नाही. मुलामा नंतरचा आहे का, हे कळण्यासाठी भागावर ठोकलेल्या क्रमांकाकडे पाहावे : नव्याने मुलामा देण्याआधी बफिंग होते आणि त्यात आकड्यांच्या कडा बोथट होतात.

रंगाचा पुरावा शर्यतपटूंनीच बराचसा पुसला. शर्यतींच्या अल्कोहोल वर्गांत इंधन म्हणून मिथेनॉल व वंगण म्हणून एरंडेल वापरत. मिथेनॉलमध्ये नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक प्रकारचा रंगलेप) विरघळते, त्यामुळे कार्ब्युरेटरभोवतीचा मूळ रंग क्वचितच उरतो. एरंडेल जळून बसलेला तपकिरी थर काही वेळा चुकून जुने व्हार्निश समजला जातो. पाण्याचा विरोध कमी व्हावा म्हणून गिअरकेसही (पाण्यातील दातेरी चाकांची पेटी) कानशीने घासून गुळगुळीत करत. मूळ रंग शोधायचा तर पकडपट्टीखाली, बोल्टच्या डोक्याखाली किंवा डेकलच्या (चिकटवलेल्या नावाच्या वा चित्राच्या पट्टीच्या) आड. शिवाय युद्धपूर्व जॉन्सन मोटरी युद्धानंतरही धावत राहिल्या आणि त्यांचे भाग स्वतंत्र कार्यशाळांतून ओतले गेले. असा भाग जुना असतो, मूळ नसतो.

कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग येथे सुरू केलेल्या उद्योगाच्या मर्क्युरी मोटरींत रंगाला अधिक महत्त्व आले. युद्धोत्तर केजी मालिकेचा हिरवा रंग परिचित आहे. शर्यतीच्या क्विकसिल्व्हर नावाच्या खालच्या (पाण्यात बुडणाऱ्या) भागाची तपासणी वरच्या आवरणापासून वेगळी करावी, कारण हे भाग एका मोटरीवरून दुसरीवर सहज जात. बर्लिनच्या क्योनिग व ब्रिटिश अँझानी मोटरींनाही हेच निकष लावतात.

पूर्ववत करताना कॅडमियमऐवजी हल्ली बहुधा जस्त वापरतात, कारण कॅडमियम विषारी आहे. उच्च बलाच्या पोलादी स्प्रिंगा व बोल्ट विद्युत् विलेपनात हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात. म्हणून मुलाम्यानंतर लगेच ते सुमारे १९०° से. तापमानाला काही तास भट्टीत ठेवावे लागतात.