ताऊलचा ख्रिस्त बार्सिलोनात कसा गेला?

स्पेनच्या ईशान्येकडच्या कॅटलोनियात, पिरिनीज पर्वतात, बोईच्या खोऱ्यात, सुमारे १५०० मीटर उंचीवर ताऊल हे छोटंसं गाव आहे. एवढ्याशा गावात १० डिसेंबर ११२३ रोजी सांत क्लिमेंत आणि दुसऱ्याच दिवशी सांता मारिया अशा दोन चर्चचा अभिषेक झाला. दोन्ही वेळा बिशप एकच, रामोन. सांत क्लिमेंतच्या एका खांबावर ही तारीख रंगवून ठेवली होती, म्हणून ती इतकी नेमकी सांगता येते. पैसा बहुधा एरिल या सरदार घराण्याचा. आरागॉनच्या राजाबरोबर मुस्लिम राज्यांवर केलेल्या स्वाऱ्यांतून तो आला, असं अभ्यासक मानतात.

बांधणी रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या जाड भिंतींच्या शैलीतली, तीही उत्तर इटलीतल्या लोंबार्दीच्या गवंडीकामाच्या वळणाची: ओबडधोबड दगड, अर्धगोल कमानी आणि वर चढत गेलेला चौकोनी घंटामनोरा. पुढे युरोपभर गॉथिकची, म्हणजे टोकदार कमानींच्या उंच चर्चची, लाट आली. या आडवळणाच्या खोऱ्यात मात्र जुनं पाडून नवं उभारण्याइतका पैसा उरला नव्हता. गरिबीनेच ही चर्च राखली म्हणायची.

सांत क्लिमेंतच्या गाभाऱ्याच्या अर्धघुमटात सिंहासनावरचा ख्रिस्त रंगवला होता. त्याच्या हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असं लिहिलेलं. नंतर समोर उभारलेल्या वेदीच्या चित्रफलकामागे हे चित्र बरंचसं झाकलं गेलं. १९०७ मध्ये बार्सिलोनाहून आलेल्या अभ्यासकांनी या खोऱ्यातल्या चित्रांची नोंद केली. मग अभ्यासकांमागोमाग व्यापारीही आले. मूर या दुसऱ्या गावातली भित्तिचित्रं विकली गेली. आज ती बॉस्टनच्या संग्रहालयात आहेत. हादरलेल्या बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ दरम्यान खोऱ्यातली चित्रं स्वतःच विकत घेऊन हलवली.

हलवायची रीत इटालियन कारागिरांची. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं, वाळलं की ओढायचं. रंगाचा पातळ थर कापडाबरोबर सुटून येतो. मग गुंडाळ्या करून खेचरांवर लादायच्या. याला वाचवणं म्हणायचं की उचलून नेणं? माझ्या मते दोन्ही.

२००० साली खोऱ्यातली नऊ चर्च जागतिक वारसा यादीत गेली. मूळ ख्रिस्त बार्सिलोनाच्या संग्रहालयातच राहिला. ताऊलमध्ये बरीच वर्षं त्याची रंगवलेली प्रतिकृती होती. २०१३ मध्ये ती काढली आणि आता प्रोजेक्टरने चित्र भिंतीवर उमटवतात. काही मिनिटांनी प्रकाश विझतो. मग उघड्या दगडांवर दिसतात ते मूळ रंगाचे तुरळक तुकडे, ओढून काढताना मागे राहिलेले.