फायबरच्या होडीवरची रेघ आणि चीर

मामाची सोळा फुटी फायबरची होडी नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीपाशी असते. मागच्या मे महिन्यात तिच्या तळाला केसासारख्या सात-आठ काळ्या रेघा दिसल्या. त्याच सुमारास रोज सकाळी दोन बादल्या पाणी उपसावं लागत होतं. आम्ही अख्खा रविवार घालवून सगळ्या रेघा पुट्टीने बुजवल्या. सोमवारी पुन्हा दोन बादल्या!

चूक अशी की आम्ही रेघेला चीर समजलो.

फायबरची होडी साच्यात बाहेरून आत बनते. आधी साच्याला जेलकोट मारतात, मग त्यावर काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून बसवतात. जेलकोट म्हणजे वरचा रंगीत, चकचकीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात काचेचे धागे नसतात, म्हणून तो ठिसूळ असतो. धक्का बसला की खालचा फायबर लवतो आणि परत जागेवर येतो, जेलकोटला ते जमत नाही, तो तडकतो. ही झाली रेघ. हिच्यातून पाणी आत येत नाही. मॅटचे धागेच तुटले तर ती चीर, आणि आरपार गेली की पाणी येणारच.

दिसायला दोन्ही सारख्याच, कारण चीर पडली तरी वरचा जेलकोट तसाच तडकलेला दिसतो. आकारावरून थोडा अंदाज येतो. एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या रेघा म्हणजे तिथे काहीतरी आपटलंय. बैठकीच्या कडेला समांतर रेघा असतील तर तिथे फायबर सारखा लवतोय. पण पक्कं कळतं ते शाईने. रेघेवर मार्कर फिरवायचा, लगेच पुसायचा, शाई फटीत राहते. मग त्या जागी पॉलिश पेपर हलक्या हाताने घासायचा. जेलकोटच्या जाडीतच काळी रेघ नाहीशी झाली तर निर्धास्त राहा. खालची मॅट दिसायला लागली आणि रेघ तिच्यातही उतरलेली असली, तर ती चीर. शेजारी नाण्याने ठोकूनही बघावं. चांगला फायबर टणटण वाजतो, थर सुटलेला असेल तिथे आवाज बद्द येतो.

लाकडी होडीवर आयुष्य काढलेली माणसं ‘पाण्यात राहू दे, फुगून बंद होईल’ म्हणतात. लाकडाच्या बाबतीत ते खरंच आहे. फायबर फुगून सांधत नाही.

मग आमचं पाणी येत कुठून होतं? होडी ओढून जुन्या टायरांवर ठेवली, बाहेरून कोरडी पुसली आणि आत पाणी भरलं. थोडंच, कारण दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. पाण्यात असताना बाहेरचं पाणी तळाला आधार देतं, जमिनीवर तो नसतो. पंधरा-वीस मिनिटांत मागच्या फळीवर, पाणी सोडायच्या बुचाच्या कडीखाली एक थेंब जमला, घरंगळला, मागून दुसरा. कडीचे स्क्रू ढिले होते आणि खालचं सीलंट खडखडीत वाळलेलं. तळाच्या सगळ्या रेघा कोरड्या. लहान होडीत आधी बूच, इंजिनाचे बोल्ट, पाण्याखाली स्क्रू मारलेली प्रत्येक जागा बघावी, तळ नंतर. बुचाला आम्ही पॉलियुरेथेन सीलंट लावलं. सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण त्याचा अंश राहिला की पुढे तिथे ना रंग धरत ना रेझिन.

रेघेची दुरुस्ती सोपी. फट पत्र्याच्या टोकाने व्ही आकारात उघडायची, ॲसिटोनने पुसायची, हार्डनर (जेलकोट आणि रेझिन कडक करणारं रसायन) घातलेला जेलकोट भरायचा आणि वर प्लास्टिक चिकटवायचं. हवा लागली की साध्या जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो.

चिरेवर पुट्टी थापून भागत नाही, तुटलेले धागे पुट्टी जोडत नाही. शक्यतो आतल्या बाजूने फायबर उताराने घासायचा, जाडीच्या बारापट लांब उतार: पाच मिलिमीटरला चिरेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर. त्यावर मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून, रोलरने बुडबुडे काढत बसवायचे. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. घाई म्हणून जास्त ओतला तर डबा हातात तापतो. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते रसायन) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि काचेची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाजवत बसाल. हे सगळं पावसाआधी उरकावं, ओलसर मॅटला रेझिन नीट धरत नाही.

आमच्या त्या रेघा नंतर शाईने तपासल्या, पुट्टी खरवडून. सगळ्या जेलकोटपुरत्याच निघाल्या, फक्त मधल्या बैठकीखालची एक मॅटमध्ये अर्धी उतरली होती. ती आतून नीट केली. तरी मामाने तिच्याभोवती मार्करने गोल काढून ठेवलाय, आणि उधाणाची भरती ओसरली की तिथे हात फिरवून बघतो.