घरात घुसलेल्याला बाहेर कसं काढायचं? एकट्या ज्येष्ठांसाठी अर्जाची माहिती

मुलं परदेशात, घर मोठं आणि आत आजी एकटी. गोव्यात अशी घरं वाड्यावाड्यावर आहेत. सोबतीला म्हणून आलेला माणूस आधी एक खोली घेतो, मग त्याचे मित्र येतात, गांजाची पुडकी येतात आणि आजीला खाटेवरून उठायची भीती वाटू लागते.

अर्जाआधी एकच तपासा: तिने कुठल्या कागदावर सही केलीय का?

सही नसेल तर मामला पोलिसांचा. बोलावून आलेला माणूसही धमकावण्यासाठी ठाण मांडून बसला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 329 लागू शकतं. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. जिवाला धोका असेल तर आधी 112. आजीलाच बाहेर काढलं असेल, तर 6 महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावा. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही.

बक्षीसपत्र झालेलं असेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23; सांभाळ न झाल्यास असा दस्त त्याखाली रद्द होऊ शकतो. वय 60 पूर्ण हवं. घेणारा नातेवाईकच असावा असं नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दस्तात 'सांभाळ करीन' अशी अट आहे का, ते वाक्य शोधा. सारी मदार त्यावर; ते नसेल तर प्रकरण अवघड जातं. आजोबा हयात असतील तर त्यांचीही सही पाहा, कारण गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात एकट्याच्या सहीने स्थावर मालमत्ता देता येत नाही.

अर्ज उपविभागाच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपजिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत वयाचा पुरावा, दस्ताची नक्कल, एक-चौदाचा उतारा (गोव्यातली जमिनीची नोंद), घरपट्टीची पावती, वीजबिल, पोलीस तक्रारीची पोच. डॉक्टरचा दाखला असला तर उत्तमच. तिला स्वतः जमत नसेल तर नोंदणीकृत संस्था तिच्या वतीने उभी राहू शकते. निकाल विरुद्ध गेला तर अपील 60 दिवसांत. नेमकं कुठे जायचं हे विचारायला 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

वय 60 च्या आत, पण व्यक्ती दिव्यांग असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 7. छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कुणीही देऊ शकतो, अगदी शेजारीसुद्धा.