रामेनच्या वाडग्यातला पापडखार

"मेन नो कातासा वा?"

जपानमधल्या फुकुओका शहरात, हाकाता स्टेशनजवळच्या एका गल्लीतलं बारा-तेरा स्टुलांचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान. दाराशी असलेल्या यंत्रात पैसे टाकून कुपन घ्यायचं, ते काउंटरवर ठेवायचं आणि बसायचं. डोक्याला पंचा गुंडाळलेल्या मालकांनी कुपन उचललं आणि मला हा एकच प्रश्न विचारला. नूडल्स किती कडक हव्यात? तिखट किती, तेल कमी का जास्त, यातलं काहीच विचारलं नाही. मी "फुत्सू", म्हणजे नेहमीसारख्या, म्हणून मोकळा झालो. शेजारच्या आजोबांनी "बरिकाता" सांगितलं. 'बरि' म्हणजे तिथल्या बोलीत 'एकदम', आणि 'काता' म्हणजे कडक. त्यांच्या नूडल्स आधणात पडल्या आणि अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर आल्या. माझ्या त्यानंतरही उकळतच होत्या.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते कळायला मला बरेच वाडगे रिचवावे लागले. त्याचं उत्तर मात्र माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या एका बरणीत होतं. त्या बरणीत पापडखार असायचा.

रामेनच्या नूडल्समध्ये चार गोष्टी असतात: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि कानसुई. पहिल्या तीन गोष्टींनी जपानचे उदोन होतात, जाड, पांढरे आणि मऊ. कानसुई पडलं की त्याच पिठाचं रामेन होतं. कानसुई म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांचं मिश्रण. आपला पापडखार हा सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा, म्हणजे त्याच घराण्यातला. उडदाच्या पिठात तो पडला की लाटी कशी चिवट होते, हे पापड लाटलेल्या कुणालाही सांगायला नको. गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. खारामुळे ही जाळी आवळली जाते. धागा ताणला तरी चटकन तुटत नाही, दाताखाली उसळतो आणि गरम रश्श्यात बुडाला तरी लगेच विरघळत नाही.

आणि तो पिवळा रंग? बहुतेकांना वाटतं की त्यात अंडं असतं. काही ठिकाणी घालतातही, पण रंगाचं मुख्य कारण वेगळं आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, हे आपण घरात नेहमी बघतो. हळदीतलं रंगद्रव्य खाराच्या सान्निध्यात आपली रचना बदलतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. गव्हाच्या पिठातही फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात. एरवी ती रंगहीन असतात, कानसुई लागलं की पिवळी होतात. कणीक मळता मळता पिवळसर होत जाते, वरून रंग घालावा लागत नाही.

हे घरी करून बघता येतं. स्पॅगेटी उकळताना एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाका. पाणी फेसाळून वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. स्पॅगेटी पिवळी होते, थोडी बुळबुळीत लागते, आणि पाण्याला तोच किंचित साबणासारखा वास येतो, जो रामेनच्या दुकानात नूडल्सच्या आधणाला येतो. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी झाकण उघडून नुसता वास घेत उभा राहिलो होतो.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे. नूडल्स उकळताना पाणी बाहेरून आत शिरतं. बाहेरचा थर पाणी पिऊन मऊ होतो, गाभा अजून कोरडा असतो. आजोबांची बरिकाता नूडल दाताने तोडून उजेडात धरली, तर मधोमध पांढरा ठिपका दिसला असता, कारण तिथपर्यंत पाणी पोचलेलंच नसतं. बाहेर मऊ, आत कडक हा जो फरक, त्यालाच जीभ 'मस्त लागतंय' म्हणते. जपानीत त्या चिवट दमाला 'कोशी' म्हणतात. पण हा फरक टिकत नाही. नूडल वाडग्यात पडली तरी पाणी आत सरकतच राहतं, कारण रस्साही गरमच असतो. काही मिनिटांत आतबाहेर सारखं पाणी होतं आणि कोशी संपते. आधणातून काढली म्हणून नूडल शिजायची थांबत नाही. म्हणून बरिकाता मागणारा माणूस उरलेलं शिजणं वाडग्यातच होईल हा हिशोब मांडत असतो. त्याच्याही पुढे 'हारिगाने', म्हणजे तार, आणि 'कोनाओतोशी', म्हणजे नुसतं वरचं पीठ झटकण्यापुरतं पाण्यात बुडवून काढलेलं. ते मला झेपत नाही, कच्च्या पिठाची चव लागते.

हाकाताच्या नूडल्सना ही घाई जास्तच असते. इथली कणीक फार कोरडी मळतात. शंभर ग्रॅम पिठाला साधारण तीस ग्रॅम किंवा त्याहूनही कमी पाणी. उत्तरेकडच्या साप्पोरोत, जिथे मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घातलेलं रामेन खातात, तिथे पाणी बरंच जास्त, शिवाय नूडल जाड आणि नागमोडी असते. ती आधीच पाणी प्यालेली असल्यामुळे रस्सा सावकाश शोषते. हाकाताची बारीक, सरळ नूडल तहानलेलीच वाडग्यात उतरते.

त्या रश्श्याचंही बघा. हाकाताचा तोनकोत्सु रस्सा डुकराच्या हाडांचा आणि दुधासारखा पांढरा असतो. यात दुधाचा थेंबही नसतो. हाडं मंद आचेवर ठेवली तर रस्सा नितळ राहतो. हीच हाडं खळखळ, दहा-दहा तास आणि त्याहूनही जास्त वेळ उकळली की दोन गोष्टी घडतात. हाडांना चिकटलेल्या ऊतींमधलं आणि कातडीतलं कोलॅजेन हे तीन पदरी दोरासारखं असतं. त्याचे पदर सुटतात आणि त्याचं जिलेटिन होतं. दुसरीकडे उकळीच्या घुसळणीने चरबीचे अतिसूक्ष्म थेंब होतात. जिलेटिन या थेंबांभोवती लपेटतं, म्हणून ते पुन्हा एकत्र येऊन तवंग होत नाहीत. असे असंख्य थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात आणि रस्सा पांढरा दिसतो. दूध पांढरं दिसतं ते याच कारणाने, नारळाचं दूधही. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यात ओल्या नारळाचं दूध असतं, म्हणजे घटक वेगळे असले तरी पांढरेपणाचं भौतिकशास्त्र तेच. तोनकोत्सु खाऊन झालं की ओठ एकमेकांना चिकटतात, ती जिलेटिनची करामत. पायाचा रस्सा खाणाऱ्यांना हे चिकटणं ओळखीचं आहे, आणि पायाचा रस्सा जसा थंड झाला की थिजतो तसा हाही थिजतो.

हा पांढरा रस्सा चुकून सापडला असं सांगतात. फुकुओका प्रांतातल्याच कुरुमे गावात १९३७ मध्ये हाडांचा रस्सा विकला जाऊ लागला, तोपर्यंत तो नितळच असे. १९४७ च्या सुमारास तिथल्याच एका दुकानात भांडं आचेवर विसरलं गेलं आणि खळखळून पांढरं झालं. टाकून देण्याआधी कुणीतरी चाखून बघितलं, म्हणून आज आपण ते खातोय.

रश्श्याची चव मात्र फक्त हाडांची नसते. वाडगा रिकामा असताना मालक तळाला एक पळी काळपट द्रव ओततात. त्याला 'तारे' म्हणतात. त्यात सोया सॉस आणि मीठ, आणि बऱ्याच ठिकाणी कोंबू या समुद्री शेवाळाचा अर्क असतो. १९०८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूतून ग्लुटामेट नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या रुचकर चवीला 'उमामी' हे नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुक्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. मांसातही ते असतं. पुढे १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताके अळंब्यांतलं ग्वानिलेट ओळखलं. त्यांच्याच लक्षात आलं की ही द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही. ग्लुटामेट आणि इनोसिनेट यांचं योग्य मिश्रण नुसत्या ग्लुटामेटच्या सात-आठ पट तीव्र लागू शकतं.

असं का होतं, याचं उत्तर जिभेवर आहे. उमामी ओळखणारं ग्राहक-प्रथिन (रिसेप्टर) शिंपल्यासारखं उघडझाप करतं. ग्लुटामेट आत बसलं की शिंपला मिटतो आणि मेंदूला संदेश जातो. इनोसिनेट त्या शिंपल्याच्या तोंडाशी बसतं आणि तो उघडू देत नाही, म्हणून संदेश जास्त जोरकस होतो. तारेमधलं ग्लुटामेट आणि हाडामांसातलं इनोसिनेट वाडग्यात एकत्र येतात ते यासाठीच. शाकाहारी वाचकांनी कोंबू आणि सुके शिताके एकत्र भिजवून पाहावं. ग्वानिलेटही हेच काम करतं, आणि त्या पाण्याची चव मला हाडांच्या रश्श्याइतकीच प्रिय आहे.

एका वाडग्यात, सगळा रस्सा प्यायलात तर, पाच-सहा ग्रॅम मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रक्तदाब असणाऱ्यांनी रस्सा वाडग्यात ठेवावा. कुणालाही त्यात गैर वाटत नाही, मी स्वतः अर्धा ठेवतो.

आता आवाजाबद्दल. त्या दुकानात गप्पा जवळजवळ नसतात, पण भुरक्यांचा आवाज सतत असतो. आपल्याकडे आमटी किंवा कढी भुरकायची सवय ज्यांना आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, आणि तो वास घशाच्या मागून नाकात चढतो. भुरका मारताना नूडलबरोबर हवा आत ओढली जाते. ती नूडलवरच्या तेलातले सुवास उचलते आणि श्वास सोडताना मागच्या वाटेने नाकात नेते. शिवाय नूडल तोंडात जाईपर्यंत थोडी निवते. हे निवणं गरजेचंच असतं, कारण रश्श्यावर तरंगणारा तेलाचा थर झाकणासारखा काम करतो. वाफ अडते आणि खालचा रस्सा शेवटपर्यंत कढत राहतो. मी पहिल्यांदा तोंड मिटून, सभ्यपणे, एकेक नूडल चावत बसलो. जीभ भाजली, आणि तळाशी पोचेपर्यंत राहिलेल्या नूडल्स फुगून मऊ पडल्या होत्या.

नेमक्या याच अडचणीवर फुकुओकाच्या नागाहामा मासळी बाजारातल्या दुकानांनी तोडगा काढला. लिलावाच्या मधल्या वेळात धावत येणाऱ्या लोकांना थांबायला वेळ नसे. म्हणून बारीक, पटकन शिजणाऱ्या नूडल्स. आणि मोठा वाटा एकदम दिला तर अर्धा मऊ पडणार, म्हणून वाटा लहान, आणि संपला की त्याच रश्श्यात ताज्या नूडल्सचा दुसरा गोळा. याला 'काएदामा' म्हणतात. फुगण्याचा वेग बदलता येत नव्हता, म्हणून त्यांनी वाढण्याची रीत बदलली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आजोबांनी शेवटचा घास उचलता उचलता मान वर करून "काएदामा, बरिकाता" म्हटलं. मालकांनी गाळणी आधणात बुडवली, उचलली, एकच जोरदार झटका देऊन पाणी निथळलं आणि गोळा आजोबांच्या वाडग्यात सोडला. कितीही झटकलं तरी नव्या नूडल्सबरोबर थोडं पाणी येतंच आणि रस्सा फिका पडतो. काउंटरवर तारेची एक छोटी किटली ठेवलेली होती. आजोबांनी ती न बघताच ओढली, वाडग्यावर एक फेरा मारला, आणि माझ्याकडे सरकवली. मीही मग हात वर केला, आणि या वेळी "काता" म्हटलं.