चाळिशीतल्या खेळाडूच्या हाती बॉल द्यावा का?

अमेरिकेत रात्री चालणारे एनबीएचे (तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे) सामने नागपुरात सकाळी नाश्त्याच्या वेळेला रंगतात. त्यामुळे शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आसपास तर्री-पोहे खाता खाता लेब्रॉन जेम्सचा निकाल रोजच लागतो: "म्हातारा झाला बे तो, बॉल लुकाकडे द्या!" लुका म्हणजे त्याचा तरुण सहकारी लुका डॉन्चिच. लेब्रॉनला डिसेंबर २०२४ मध्ये ४० पूर्ण झाली. वाद मात्र जुना आहे: चाळिशीच्या आसपासच्या खेळाडूने संघाचं आक्रमण सांभाळावं का?

१९८५ ची फायनल घ्या. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचा करीम अब्दुल-जब्बार ३८ वर्षांचा. पहिल्या सामन्यात बोस्टनने लेकर्सला १४८-११४ असं धुतलं, करीमचे गुण १२. लोकांनी त्याला परस्पर निवृत्त करून टाकलं. दुसऱ्या सामन्यात ३० गुण, १७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), ८ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास). मालिका लेकर्सने जिंकली आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू करीमच ठरला. त्याच्या स्कायहुक नावाच्या शॉटला फार उंच उडी लागतच नव्हती. अडवणाऱ्याकडे खांदा करायचा, हात पूर्ण वर न्यायचा आणि मनगट वळवून बॉल सोडायचा. सात फूट दोन इंच माणसाचा तो हात अडवणार कोण? पण बॉल पुढे आणायची, पळापळीची सगळी जबाबदारी सहकारी मॅजिक जॉन्सनवर होती, हे करीमचं उदाहरण देणारे सोयीने विसरतात.

मायकेल जॉर्डनला वॉशिंग्टनच्या संघात असा जोडीदार मिळाला नाही. २००१ मध्ये ३८व्या वर्षी तो निवृत्तीतून परतला, त्या हंगामात सामन्यामागे सुमारे २३ गुण काढले, एका रात्री तर ५१. चाळिशी उलटल्यावरही एकदा ४३. संघ मात्र दोन्ही हंगामांत ३७ जिंकला, ४५ हरला; प्लेऑफ (बाद फेरी) नाहीच. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने २०१६ च्या निरोपाच्या सामन्यात ६० गुण केले, ५० शॉट मारून. लेकर्सने त्या हंगामात ८२ पैकी १७ सामने जिंकले. याला आक्रमण सांभाळणं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. उलट स्टीव्ह नॅश २०१०-११ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला होता. पाय मंदावले तरी पास मंदावत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिच लेकर्समध्ये आला, तेव्हापासून लेब्रॉनकडचा बॉल हळूहळू कमी झाला. डिसेंबर २०२५ मध्ये टोरंटोत, लुका खेळत नसताना, बरोबरीत असलेल्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी लेब्रॉनचे ८ गुण होते. त्याआधी सलग १,२९७ सामन्यांत त्याचे गुण १० च्या खाली गेले नव्हते. ती मालिका टिकवायला एक बास्केट पुरेशी होती. त्याने बॉल कोपऱ्यातल्या रुई हाचिमुराकडे दिला. हाचिमुराने थ्री (तीन गुणांचा शॉट) मारला, लेकर्स जिंकले.