च एक, उच्चार दोन

मुंबईच्या बंदरातला ‘भाऊचा धक्का’ म्हणताना ‘चा’ दातांमागे उमटतो. टॅक्सीवाल्याला ‘भाऊच्या धक्क्यावर’ म्हटलं की तोच च टाळूकडे सरकतो. जीभ हे आपल्याला न विचारताच करते.

च, ज, झ उच्चारताना हवा आधी अडते, मग घासत सुटते. म्हणून हे स्पर्शसंघर्षी. संस्कृतात चवर्ग सगळा तालव्य, म्हणजे टाळूचा, आणि त्यातले च-ज बरेचदा मूळच्या क-गमधून फुटलेले. वाक् आणि वाचा, रोग आणि रुजा यांत ते नातं अजून दिसतं. मराठीत या वर्गाची पुन्हा फाळणी झाली. इ, ए, य यांच्या आधी तो टाळूलाच चिकटून राहिला (चिखल, जीभ, माझे), तर अ, आ, उ, ओ यांच्या आधी दातांकडे आला (चूल, चोर, जाळं, माझा). तेलुगूतही जवळपास हीच वाटणी आहे, त्यामुळे द्राविडी शेजाराचा हा परिणाम असावा असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

पुढे नियम विस्कटला. संस्कृतातून थेट उचललेले चंद्र, जल तालव्यच राहिले. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा: लिहायला एक, बोलायला दोन. फारसीतून आलेल्या बाजार, हजार, रोज यांना मात्र आपला दंत्य, म्हणजे दातांमागचा, ज आयताच मिळाला. हिंदीला त्यासाठी नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, द्यावा लागला.

खरी गंमत छची. त्याला दंत्य जुळा भाऊ नाही, कारण जुन्या शब्दांत तो अडणं विसरला आणि नुसता घासत राहिला, म्हणजे स झाला. हिंदीत छुरी, आपली सुरी; तिकडे पूछना, इकडे पुसणे. मत्स्यचा मच्छ झाला, मच्छचा मासा. इ आली तिथे स न होता श झाला: मक्षिका, मच्छिआ, माशी. धक्क्यावर पहाटे माशांच्या पाट्या उतरतात तेव्हा एका कोळणीच्या तोंडी ‘मच्छी’ असते, दुसरीच्या ‘मासळी’. दोन्ही त्याच मच्छच्या लेकी.

हा धक्का माझगावातला. त्या नावातला दंत्य झ परक्या कानांना निराळाच ऐकू आला असणार, कारण इंग्रजी पाटीवर तिथे झेड आहे. हिंदी बोलणारे त्याला तालव्य ‘मझगांव’ करतात.