डायल २ वर आणि मॉनिटरवर २.२? व्हेपोरायझर पाठवायच्या आधी वाचा

आम्ही कोल्हापुरात व्हेपोरायझर तपासतो, म्हणजे भुलीच्या मशीनवरचं, औषधाची वाफ मोजून गॅसमध्ये मिसळणारं यंत्र. भूलतज्ज्ञ डॉक्टरांचा ठरलेला फोन असतो, सेव्होचा (सेव्होफ्लुरेन, भुलीचं औषध) डायल २ टक्क्यांवर आहे, मॉनिटर २.२ दाखवतोय, कॅलिब्रेशन गेलंय, माणूस पाठवा. मशीन रत्नागिरीहून आणलेलं असेल तर वर हेही, की तिथं बरोबर दाखवत होतं. दाखवणारच, रत्नागिरी समुद्राकाठी, हवेचा दाब ७६० एमएमच्या (पाऱ्याचे मिलिमीटर) आसपास, आणि आंबा घाट चढून कोल्हापुरात आलं की आपण साधारण ५७० मीटरवर, दाब ७१०च्या आसपास.

चेंबरमधल्या सेव्होला बाहेरच्या दाबाचं काही पडलेलं नसतं, २० डिग्रीला त्याची वाफ १५७ एमएमच दाब धरते. बाहेरचा दाब उतरला की त्या वाफेचा वाटा वाढतो, म्हणून २ चा २.२. पण पेशंट टक्क्यावर झोपत नाही, वाफेच्या दाबावर झोपतो, आणि तो तिथं १५.२ तर इथं १५.५ एमएम, म्हणजे जवळपास तेवढाच. जो मॉनिटर हवेचा दाब हिशेबात धरत नाही तो इथंही २ च्या जवळच दाखवेल, त्यामुळे दोन ओटीत दोन आकडे आले म्हणून व्हेपोरायझर बिघडला असं नसतं.

खरा घोटाळा इथं होतो, की फोन न करताच व्हेपोरायझर काढतात आणि आतल्या सेव्होसकट डिकीत आडवा टाकून पाठवतात. गेल्या पावसाळ्यात एक असाच टॉवेलात गुंडाळून आला, टॉवेलाला सेव्होचा वास. आडवा झाला की लिक्विड बायपासमध्ये, म्हणजे औषधाला न शिवता गॅस जातो त्या वाटेत शिरतं, आणि तसाच मशीनवर चढवला तर डायलपेक्षा कितीतरी जास्त एजंट (भुलीचं औषध) पेशंटला जाऊ शकतो. मग आम्हाला तो रिकामा करून, फ्लो सोडून सुकवून मगच तपासता येतो आणि तुमची ऑपरेशनची लिस्ट दोन दिवस अडकते, तेही चांगल्या व्हेपोरायझरपायी.

काहीजण म्हणतात, सेटिंग फिरवून २ वर आणून द्या. ते आम्ही करत नाही, आकडा जुळेल पण पेशंटला एजंट कमी जाईल. आमच्या रिपोर्टवर त्या दिवशीचा हवेचा दाब असतो आणि टक्क्याशेजारी एमएमही. बिघाड निघाला नाही तरी तपासणीचा चार्ज लागतो, काम तेवढंच असतं.

डेसचं (डेसफ्लुरेन, भुलीचं दुसरं औषध) उलटं. तो व्हेपोरायझर ३९ डिग्रीला गरम होऊन टक्का तोच देतो, त्यामुळे इथं वाफेचा दाब कमी पडतो, समुद्रकाठच्या ६ साठी इथं ६.४ च्या आसपास लागतं. किती द्यायचं ते अर्थात तुम्हीच ठरवणार.

आधी डायल आणि मॉनिटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, त्याचे पैसे नाहीत, फक्त रीडिंग फ्रेश गॅस आउटलेटला, म्हणजे मशीनमधून ताजा गॅस बाहेर पडतो तिथं घ्या, पेशंटला जोडलेल्या सर्किटमधलं नको. २ वर २.६ किंवा १.५ येत असेल तर मात्र थांबू नका, तो व्हेपोरायझर वापरातनं काढा, रिकामा करा, डायल बंद करून उभाच ठेवा. जिल्ह्यात आम्ही स्वतः येऊन नेतो आणि तोवर तपासलेला दुसरा बसवून देतो.